जिनिव्हाचा हुकूम कोल्हापूरच्या उसावर चालतो का?

१४ डिसेंबर २०२१ रोजी जिनिव्हात एक निवाडा जाहीर झाला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी भारताच्या ऊस आणि साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत, म्हणजे डब्ल्यूटीओत, तक्रार केली होती. निवाडा भारताच्या विरोधात गेला. इकडे गाळप हंगाम ऐन भरात होता. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली कितीतरी घरं राहायला शहरात असली, तरी त्यांची रानं करवीर तालुक्यात आहेत आणि वर्षाचा मोठा खर्च उसाच्या बिलावर भागतो. त्यामुळे "आता एफआरपी बी जाणार म्हणं" हे वाक्य पेठेत तेव्हा ऐकू आलं, आणि अधूनमधून आजही येतं.

एफआरपी गेली नाही. निवाडा आला त्या हंगामात उसाचा हा रास्त आणि किफायतशीर दर क्विंटलला २९० रुपये होता. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो ३५५ रुपये आहे, फक्त त्यासाठीचा पायाभूत उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, १० वरून १०.२५ टक्के झाला आहे. जिनिव्हात हरूनही दर वाढत कसा गेला? डब्ल्यूटीओ, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक ही नावं आपण सरसकट 'वरचा हुकूम' म्हणून घेतो. त्यातला नेमका कुठला निर्णय कुठल्या टेबलावर होतो, हे आपल्याला कुणी नीट सांगत नाही. ते कळलं नाही, की ऊस उत्पादकाचा मोर्चा चुकीच्या दारावर जातो.

"डब्ल्यूटीओनं भारतावर केस केली"

डब्ल्यूटीओ कुणावर केस करत नाही. तिच्याकडे पोलीस नाहीत आणि कोल्हापुरात येऊन काटा तपासणारा निरीक्षकही नाही. १९४७ चा गॅट करार, ज्यावर पहिल्या २३ देशांत भारताचीही सही होती, आणि १ जानेवारी १९९५ पासून सुरू झालेली ही संघटना म्हणजे सदस्य देशांनी एकमेकांना लेखी दिलेली वचनं. आज असे १६६ सदस्य आहेत. एखाद्याने वचन मोडलं असं दुसऱ्याला वाटलं, तर तो तक्रार करतो आणि तीन जणांचं पॅनेल ती ऐकतं. तक्रारदार जिंकला तरी दंड वसूल होत नाही, कुणाला अटकही होत नाही. हरलेल्याने धोरण बदललं नाही, तर जिंकलेल्या देशाला त्याच्या मालावर नुकसानीइतकं जादा आयात शुल्क लावण्याची परवानगी मिळते. सगळ्यात जालीम उपाय तो एवढाच.

साखरेच्या खटल्यात मुख्य तक्रारी दोन होत्या. पहिली निर्यात अनुदानाची. देशात साखर पडून राहिली, की केंद्र सरकार कारखान्यांना निर्यातीसाठी पैसे देत असे. २०१९-२० च्या हंगामात ६० लाख टनांसाठी ही मदत टनाला १०,४४८ रुपये होती. साखर पिकवणाऱ्या इतर देशांचं म्हणणं असं, की या पैशामुळे भारतीय साखर जगात स्वस्त विकली जाते आणि आमच्या शेतकऱ्याचा भाव पडतो. या तक्रारीत तथ्य होतं, हे मला मान्य आहे. ब्राझीलचा ऊस उत्पादकही शेवटी शेतकरीच आहे.

दुसरी तक्रार थेट एफआरपीवर होती, आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज तिच्याभोवतीच आहे. लोक विचारतात, एफआरपी सरकार देतं का? पैसे तर कारखाना देतो. ऊस तुटून गेला, काट्याची पावती हातात आली, तोडणी-वाहतूक वजा झाली आणि १४ दिवसांत रक्कम खात्यावर जमा करण्याची जबाबदारी १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्यावर टाकली. उशीर झाला तर १५ टक्के व्याजही कारखान्यानेच द्यायचं. यात सरकारी तिजोरीतला रुपयासुद्धा जात नाही. मग हे अनुदान कसं?

भारत सरकारनेही पॅनेलपुढे नेमका हाच मुद्दा मांडला होता. पॅनेलने तो फेटाळला. कारण डब्ल्यूटीओच्या शेती करारात 'बाजारभावाचा आधार' मोजायची जी रीत आहे, तिच्यात पैसे कोण देतं याचा हिशोबच येत नाही. सरकारने ठरवलेला दर घ्यायचा, त्यातून एक जुना संदर्भ दर वजा करायचा आणि उरलेल्या फरकाला त्या दराला पात्र असलेल्या सगळ्या उसाने गुणायचं. येणारा आकडा एकूण पिकाच्या किमतीच्या १० टक्क्यांच्या वर गेला, की वचनभंग झाला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारताने ही मर्यादा ओलांडली, असं पॅनेलने म्हटलं.

खरी मेख संदर्भ दरात आहे. तो १९८६ ते १९८८ या तीन वर्षांच्या जागतिक किमतींवरून ठरवून तिथेच गोठवला गेला. तेव्हापासून खत, डिझेल, मजुरी, वीज सगळं कितीतरी पटींनी वाढलं. त्या महागाईच्या मागून एफआरपी वाढली, तरी करारातला हिशोब त्या सगळ्या वाढीला सरकारी आधार समजतो. २०१८-१९ चा टनाला २,७५० रुपये दर तीस वर्षांपूर्वीच्या दराशी तोलला, तर काय निघणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मला हा नियम उघड अन्यायाचा वाटतो. त्यात आणखी एक अन्याय आहे. ज्या देशांनी १९८० च्या दशकात शेतीला भरमसाट आधार दिला होता, त्यांना तो काही प्रमाणात चालू ठेवायची मुभा मिळाली. एकट्या अमेरिकेची ही मुभा वर्षाला सुमारे १९ अब्ज डॉलरची आहे. तेव्हा भारतात हिशोबाने असा आधार जवळपास नव्हताच, म्हणून आपल्या वाट्याला आली ती १० टक्क्यांची सरसकट मर्यादा. ज्याने कमी दिलं होतं, त्याच्यावरच जास्त बंधन आलं.

पण हा नियम कुणी लादला नाही, हेही तितकंच खरं. एप्रिल १९९४ मध्ये माराकेशला भारताने या करारावर सही केली. तेव्हा 'डंकेल मसुदा' या नावाने त्याला गावोगावी विरोध झाला, मोर्चे निघाले. त्या मोर्चांत बियाण्यांची, पेटंटची चर्चा खूप झाली. संदर्भ दराच्या कोष्टकाची जवळपास झालीच नाही.

निवाड्याचं पुढे काय झालं

११ जानेवारी २०२२ रोजी भारताने अपील केलं आणि तिथून हा खटला जागच्या जागी थांबला. डब्ल्यूटीओच्या अपील मंडळात सात जागा असतात आणि एक अपील ऐकायला किमान तिघे लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या. डिसेंबर २०१९ पासून तिघांचं बाक बसवणं अशक्य झालं आणि पुढच्या वर्षी उरलेल्या एकाचीही मुदत संपली. न्यायाधीशच नसलेल्या न्यायालयात अपील पडून आहे. अपील निकाली निघेपर्यंत पॅनेलचा निवाडा अंतिम होत नाही, आणि अंतिम न झालेला निवाडा भारताला लागू होत नाही. म्हणून एफआरपी आहे तशी आहे.

काही जण याला विजय समजतात. तसं समजू नये. हीच पळवाट आपल्यावरही उलटली आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या अक्षय ऊर्जेच्या अनुदानांविरुद्ध भारताने केलेली तक्रार २०१९ मध्ये पॅनेलने मान्य केली. अमेरिकेने लगेच अपील केलं आणि निवाडा लटकला. शेवटी २०२३ मध्ये दोन्ही देशांनी आपसांत बोलून ते प्रकरण मिटवलं. पंच नसलेल्या मैदानात दांडग्याचं फावतं, आणि जगाच्या व्यापारात दांडगे आपण नाही. साखरेचा खटला रद्द झालेला नाही. अपील मंडळ पुन्हा उभं राहिलं, तर तो तिथूनच पुढे सुरू होईल. १९८६-८८ चा संदर्भ दर बदलून घ्यायची मागणी भारत वर्षानुवर्षं करतो आहे. त्याला एकमत लागतं, आणि २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही शेतीच्या प्रश्नावर ते झालं नाही.

"साखर निर्यात डब्ल्यूटीओमुळे बंद आहे"

हे साफ चूक आहे. २०२१-२२ च्या हंगामात जगात भाव तेजीत होते आणि भारताने कसलंही निर्यात अनुदान न देता सुमारे ११० लाख टन साखर बाहेर पाठवली. तो विक्रम होता. त्यानंतर १ जून २०२२ पासून दिल्लीनेच निर्यातीवर निर्बंध आणले, कारण देशातला भाव चढू द्यायचा नव्हता. २०२३-२४ च्या हंगामासाठी निर्यातीचा कोटाच दिला नाही. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना परवानगी मिळाली. यातला एकही आदेश जिनिव्हाहून आला नव्हता. उलट जिनिव्हाचा मूळ नियम असा, की निर्यातीवर बंदी घालू नये. अन्नटंचाईच्या काळात तात्पुरती बंदी चालते, अशी सूट त्यात आहे.

एफआरपीचे तुकडे करण्याचंही तसंच. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत द्यायचा निर्णय काढला. त्याविरुद्ध शेतकरी नेते राजू शेट्टी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. हे सगळं मुंबईत घडलं. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला. त्यानंतर एफआरपी जवळपास दरवर्षी वाढत असतानाही हा दर वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहिला. कारखान्यांची थकबाकी आणि शेतकऱ्यांची ओढाताण यातून झाली. हा किमान दर मात्र दिल्लीचा निर्णय.

दूध आणि परदेशी पावडर

गंगावेशीत सकाळ-संध्याकाळ म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाईकासमोर पितळीत धार काढून दूध दिलं जातं. धारोष्ण दूध तिथल्या तिथे पिऊन जाणारे लोक आजही आहेत. या दुधाला डब्ल्यूटीओशी काही देणंघेणं नाही. पण १९६३ पासून जिल्ह्याचं दूध गोळा करणाऱ्या गोकुळ दूध संघाला आहे. गोकुळचा दर पावडरच्या भावाशी जोडलेला असतो, आणि पावडर जगभर फिरते.

"करार केला म्हणजे परदेशी दूध येणारच, आपल्याला अडवता येत नाही," असं म्हणणाऱ्यांना दुधाच्या पावडरचा इतिहास माहीत नसतो. जुन्या गॅटच्या काळात भारताने स्निग्धांशरहित दूध पावडरवर शून्य आयात शुल्काचं वचन देऊन ठेवलं होतं. परदेशी चलनाच्या टंचाईत आयातीवर तशीही बंधनं होती, त्यामुळे ते वचन कुणाला टोचलं नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आयातीवरची बंधनं उठू लागली, तेव्हा चूक लक्षात आली. मग भारताने करारातल्याच कलमाचा आधार घेऊन संबंधित देशांशी पुन्हा बोलणी केली. वर्षाला १० हजार टनांपर्यंत १५ टक्के आणि त्यापुढे ६० टक्के शुल्क, असा हक्क पदरात पाडून घेतला. दिलेलं वचनही बदलून घेता येतं. मात्र त्याची किंमत मोजावी लागते आणि टेबलावर बसून भांडावं लागतं.

साखरेवर भारताने दिलेलं वचन १५० टक्क्यांपर्यंतच्या शुल्काचं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारने प्रत्यक्ष शुल्क ५० वरून १०० टक्के केलं, तेव्हा नियम मोडला नव्हता. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारत आरसीईपी करारातून बाहेर पडला, त्यामागे न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती हे एक मोठं कारण होतं. आरसीईपी डब्ल्यूटीओचा करार नव्हता. तो काही देशांनी आपसांत करायचा करार होता आणि त्यात जायची कुणाचीच सक्ती नव्हती. पुढे ऑस्ट्रेलियाशी आणि ब्रिटनशी झालेल्या करारांतूनही दुग्धजन्य पदार्थ बाहेर ठेवले गेले.

"जीआय आहे, आता जगात कुणी कोल्हापुरी करू शकत नाही"

कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालं ते २०१९ मध्ये, महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांतल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने तशाच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. महाद्वार रोडपासून सुभाषनगरपर्यंत संताप झाला आणि तो रास्तच होता. पण "डब्ल्यूटीओत केस टाका" ही मागणी कायद्यात बसणारी नव्हती. बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार देशांना किमान कायदा करायला लावतो. आपल्या मानांकनाची नोंद आपोआप इटलीत होत नाही. या करारात कडक संरक्षण आहे ते वाइन आणि मद्यांना. बाकीच्या मालाला एवढंच, की गिऱ्हाईकाची दिशाभूल होईल असं नाव वापरू नये. शॅम्पेनला जे मिळतं, ते चपलेला मिळत नाही. ही विषमता भारत अनेक वर्षं बोलून दाखवतो आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने याबाबतची जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली. नोंदणीचे मालक असलेली दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं पुढे आली पाहिजेत, असा तिथला मुद्दा होता. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने याच दोन महामंडळांशी करार केला. लोकांच्या बोंबेमुळे आणि नोंदणीच्या कागदामुळे जे साधलं, ते कुठल्याही आंतरराष्ट्रीय संस्थेने केलेलं नव्हतं.

नाणेनिधी, जागतिक बँक आणि कर्जाची गरज

"रुपया किती ठेवायचा हे नाणेनिधी ठरवतो" असं म्हणणाऱ्यांच्या मनात १९९१ असतं. तेव्हा देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं. जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने परदेशी गेलं आणि त्यावर ४० कोटी डॉलरच्या आसपास रक्कम उभी राहिली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला रुपयाचं अवमूल्यन झालं. नाणेनिधीचं कर्ज आलं, आणि त्यासोबत अटी आल्या. अडचणीत गुजरीतल्या सराफाकडे दागिना ठेवायला गेलेल्या माणसाला व्याजाचा दर ठरवता येत नाही, तसंच हे झालं. पण ते सगळं कर्ज २००० सालापर्यंत फिटलं. नंतरच्या काळात भारत नाणेनिधीमार्फत इतर देशांना पैसे पुरवणाऱ्यांच्या यादीत आला. आज नाणेनिधी भारताला सल्ला देतो, अहवाल लिहितो. तो मानायचा की नाही, हे दिल्ली ठरवते.

तिथे सगळे देश सारखे आहेत, असंही समजू नये. नाणेनिधीत मतं भागभांडवलावर मोजली जातात. अमेरिकेची सुमारे १६.५ टक्के, भारताची सुमारे २.६ टक्के. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात, म्हणजे एकटी अमेरिका ते अडवू शकते. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वूड्सला ४४ देशांनी या संस्थांचा पाया घातला, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे. गरीब देशांच्या विकासाचा विचार नव्या व्यवस्थेत झाला पाहिजे आणि युद्धकाळात ब्रिटनकडे साठलेली भारताची स्टर्लिंग शिल्लक सोडवली पाहिजे, हे भारताचे आग्रह होते. दुसरा मान्य झाला नाही. सोव्हिएत संघ बाहेर राहिल्यामुळे त्या वेळी भारत पहिल्या पाच भागधारकांत आला होता. आज तो आठवा आहे.

जागतिक बँकेबद्दल तर "मदत मिळाली" हाच शब्द रूढ झाला आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर-सांगलीच्या पूर नियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या पैशाने कार्यक्रम आखला गेला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली, की ज्यांचा जीव वर-खाली होतो, त्यांना त्यातल्या प्रत्येक कामाविषयी विचारायचा हक्क आहे. कारण ते कर्ज आहे. ते व्याजासह फेडायचं आहे आणि आपल्याच करातून फेडायचं आहे. प्रकल्प कुठला घ्यायचा हे राज्य सरकार सुचवतं. बँकेचे अध्यक्ष अजय बंगा पुण्याच्या खडकीत जन्मलेले आहेत, त्याचा आपल्याला आनंद वाटतो. पण त्यांचं नाव अमेरिकेने सुचवलं होतं. बँकेचा अध्यक्ष अमेरिकन आणि नाणेनिधीची धुरा युरोपीय माणसाकडे, हा पायंडा सुरुवातीपासून चालत आला आहे.

सहकारी बँकेतला केवायसीचा कागद

आंतरराष्ट्रीय नियम पेठेतल्या घरात सगळ्यात जास्त येतो तो केवायसीच्या, म्हणजे बँकेने खातेदाराची ओळख पटवून घेण्याच्या, कागदातून, आणि त्याचं मूळ फार थोड्यांना माहीत असतं. १९८९ मध्ये सात श्रीमंत देशांनी काळा पैसा रोखण्यासाठी एफएटीएफ हा कृतिगट काढला. त्याचं कार्यालय पॅरिसला आहे. भारत २०१० मध्ये सदस्य झाला. या गटाच्या ४० शिफारशी आहेत आणि त्या कायदा नाहीत. तरी त्यांचं वजन मोठं आहे, कारण जो देश त्या पाळत नाही, तो 'करड्या यादीत' जातो आणि जगातल्या बँका त्याच्याशी व्यवहार करताना हात आखडता घेतात. २०१८ ते २०२२ पाकिस्तानने हे भोगलं. अशा शिफारशींच्या धर्तीवर आपल्याकडे मनी लाँडरिंगविरोधी कायदा आहे, त्याखाली रिझर्व्ह बँकेचे केवायसी निर्देश निघाले, आणि ते नागरी सहकारी बँकेच्या काउंटरपर्यंत पोचले.

मात्र ज्येष्ठ खातेदाराला तोच आधार आणि तोच पॅन घेऊन पुन्हा पुन्हा रांगेत उभं करायला पॅरिसने सांगितलेलं नाही, रिझर्व्ह बँकेनेही नाही. शिफारशींचं सूत्रच असं, की जिथे धोका कमी तिथे तपास हलका असावा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे कमी धोक्याच्या खातेदाराची माहिती दहा वर्षांतून एकदा, मध्यम धोक्याची आठ वर्षांतून एकदा आणि जास्त धोक्याची दोन वर्षांतून एकदा ताजी करायची असते. माहितीत काहीच बदल नसेल, तर तसं लिहून दिलेलं स्वयंघोषणापत्र पुरतं. ते नोंदवलेल्या ई-मेलवरून किंवा मोबाइलवरून देता येतं, साध्या पत्रानेही चालतं. पुढच्या वेळी काउंटरवर नव्या झेरॉक्स मागितल्या, तर खातेदाराने आधी आपलं खातं कुठल्या धोका-गटात आहे हे विचारावं आणि स्वयंघोषणापत्राचा नमुना मागून घ्यावा.